किंमत मोजली, पण कोणाला?

उपवासकाळ सुरू झाला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत एक जुना वाद हमखास वर येतो. ठाण्याच्या जुन्या वस्तीतले ईस्ट इंडियन कॅथलिक, नगर-जालन्याकडून नोकरीनिमित्त आलेले प्रोटेस्टंट आणि वाशी-नेरूळकडे भाड्याच्या सभागृहात रविवारी जमणारे पेंटेकॉस्टल हे आता एकमेकांचे शेजारी आहेत आणि पुष्कळदा सोयरेही आहेत, त्यामुळे हा वाद चर्चच्या दारात सोडून घरी येता येत नाही. एक जण विचारतो, "तुमचे तारण झाले आहे का?" दुसरा उत्तर देतो, "बाप्तिस्मा झाला त्या दिवशीच झाले." तिसरा, बहुधा कॉलेजात शिकणारा, दोघांनाही ऐकवतो की मेल्यानंतरच्या जागेचे आरक्षण म्हणजे उद्धार नव्हे, पिचलेल्यांची सुटका हाच उद्धार. मग वचनांची फेकाफेक होते, आवाज चढतात, आणि कोणीतरी वडीलधारे "शेवटी सगळे एकच" असे म्हणून चहा मागवतात. मला या वादातली भांडणे जितकी खटकतात तितकाच तो शेवटचा समेटही खटकतो. सगळे एकच नाही. कोणत्या अर्थाने उद्धार झाला असे आपण मानतो यावर आपला देव कसा आहे हे ठरते, आणि देव कसा आहे यावर आपण शेजाऱ्याशी कसे वागतो हे बरेचसे ठरते.

माझे म्हणणे आधीच मांडतो. ख्रिस्ताने माणसाचा उद्धार किंमत मोजून केला, हे ख्रिस्ती श्रद्धेतून काढून टाकता येत नाही आणि टाकूही नये. पण ती किंमत कोणाला तरी चुकती केली गेली, मग तो सैतान असो, देवाची दुखावलेली प्रतिष्ठा असो किंवा देवाचे न्यायासन असो, ही कल्पना शास्त्रातल्या उद्धाराच्या मूळ चित्राला धरून नाही. तिथे उद्धार ही आधी सुटका आहे. सुटकेसाठी किंमत पडते. पण किंमत पडणे वेगळे आणि ती मोजून कोणाच्या तरी हाती ठेवणे वेगळे. आपल्याकडचा वाद या दोन गोष्टींची गल्लत करूनच सुरू होतो, म्हणून तो कधी पुढे सरकत नाही.

वादात उतरणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्राचीन चर्चच्या सार्वत्रिक परिषदांनी ख्रिस्त कोण आहे या प्रश्नावर शब्दाशब्दाचा कीस पाडला. ३२५ साली निकाया, ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल आणि ४५१ साली खाल्केदोन येथे त्यासाठी बिशपांनी एकमेकांना बहिष्कृतही केले. पण ख्रिस्ताच्या मरणाने उद्धार नेमका कसा होतो, याची एकच अधिकृत उपपत्ती त्यांपैकी कोणीही ठरवून दिली नाही. निकायाचा मतांगिकार म्हणतो की तो आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी खाली उतरला, आमच्यासाठी पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर खिळला गेला. "आमच्यासाठी" म्हणजे कसे, हे तो सांगत नाही. तेव्हा आपली उपपत्ती हीच सुवार्ता आणि ती न मानणारा सुवार्तेबाहेरचा, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही एका पंथाला नाही. मात्र परिषदांनी शिक्का मारला नाही म्हणून कोणतीही कल्पना चालेल, असेही त्यातून निघत नाही. ज्यावर निवाडा झालेला नाही, त्यावर विचार करण्याची जबाबदारी उलट वाढते.

पहिल्या काही शतकांत खंडणीची कल्पना जोरात होती. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, हे मार्काच्या शुभवर्तमानातले येशूचे शब्द. खंडणी म्हटल्यावर ती घेणारा कोण, असा प्रश्न तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मशास्त्रज्ञाला पडला आणि त्याचे उत्तर सैतानाकडे गेले. निस्साच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात त्यात आणखी भर घातली: ख्रिस्ताचे मानवपण हे आमिष, त्याआड दडलेले देवपण हा गळ, आणि सैतान हा गिळायला आलेला मासा. पण त्याच काळात, त्याच कप्पदुकिया प्रांतातल्या दुसऱ्या ग्रेगरीने, नाझियान्झसच्या, या कल्पनेला उघड विरोध केला. लुटारूला खंडणी मिळावी, आणि तीही खुद्द देवाच्या रूपात, हे त्याला लाजिरवाणे वाटले. मग पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने आपल्याला कैदेत ठेवलेच नव्हते, आणि ज्याने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाही त्याला पुत्राच्या रक्ताने आनंद कसा होईल? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा दुहेरी प्रश्न आजच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा तल्लख आहे. माझ्या मते त्याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही, कारण प्रश्नाचे गृहीतच चुकीचे आहे हेच त्याला दाखवायचे होते.

अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने सैतानाचा हक्क एकदाचा निकालात काढला, ही त्याची मोठीच कामगिरी. त्याच्या जागी त्याने देवाच्या मानाचा विचार आणला. पापाने देवाचा मान हिरावला गेला; ती भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ताकद फक्त देवाकडे; म्हणून देव-मानव. येथे एक तपशील आपल्याकडे नेहमी निसटतो. अँसेल्मच्या मांडणीत भरपाई ही शिक्षेच्या ऐवजी आहे: एक तर शिक्षा, नाही तर भरपाई. ख्रिस्त भरपाई करतो, म्हणून शिक्षा टळते. ख्रिस्ताने आपली शिक्षा भोगली, ही मांडणी प्रामुख्याने सोळाव्या शतकातल्या सुधारकांची, आणि तिला रेखीव रूप दिले ते कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विनने. कॅथलिक परंपरा बहुतांशी थॉमस अक्विनासच्या वाटेने प्रेमातून केलेल्या भरपाईपाशी थांबली. ठाण्यातला कॅथलिक आणि वाशीतला पेंटेकॉस्टल दोघेही "येशू आपल्या पापांसाठी मेला" असे एकाच वाक्यात सांगतात. त्या वाक्यामागे दोन वेगळी शतके आणि दोन वेगळे हिशेब उभे आहेत, हे दोघांच्याही गावी नसते.

तिसरी वाट बाराव्या शतकातल्या पीटर अबेलार या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञाची. वधस्तंभावर देवाचे प्रेम इतके उघडे झाले की ते पाहून माणसाचे हृदय पालटते, आणि तो पालट हाच उद्धार. अबेलारच्या मतांचा चर्चसभेने निषेध केला, तरी ही वाट कधी बुजली नाही. मराठी कानाला ती परकी वाटण्याचे कारणच नाही. नारायण वामन टिळकांच्या भजनांत ख्रिस्त न्यायाधीशापेक्षा माउली आणि गुरू म्हणून अधिक भेटतो, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक म्हणत. या वाटेची उणीव मात्र तितकीच स्पष्ट आहे. केवळ प्रेम दाखवण्यासाठी कोणी मरत असेल, आणि त्या मरणाने संकटातल्या माणसाच्या परिस्थितीत काहीच फरक पडत नसेल, तर ते प्रेम समजायचे कसे?

आता काही जण इतिहास दाखवून हा विषय मिटवतात. अँसेल्मची कल्पना सरंजामशाहीतली, कॅल्विनची कोर्टकचेरीतली, म्हणून दोन्ही कालबाह्य. हा युक्तिवाद मला आळशी वाटतो. कल्पनेचा जन्मदाखला म्हणजे तिचे खंडन नव्हे. खंडणीची कल्पना गुलामांच्या बाजारातून आली आणि मुक्तीचे, म्हणजे पिचलेल्यांच्या सुटकेचे, धर्मशास्त्र विसाव्या शतकातल्या लॅटिन अमेरिकेतून, म्हणून तीही टाकून द्यायची काय? प्रत्येक मांडणीला तिच्या गुणांवरच तोलले पाहिजे.

शिक्षा भोगण्याच्या मांडणीला तोलायचे तर आधी तिची बाजू पूर्ण ताकदीने मांडावी लागेल. ती शास्त्राबाहेरून आणलेली नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला सेवक आमच्या अपराधांमुळे घायाळ होतो. गलतीकरांस लिहिताना पौल म्हणतो की ख्रिस्त आमच्यासाठी शाप झाला. दुसरे, ही मांडणी पापाला गंभीरपणे घेते. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला "देव प्रेमळ आहे, त्याने सोडून दिले" असे सांगणे ही क्रूर चेष्टा ठरू शकते. अन्यायाचा निवाडा व्हायलाच हवा, अशी हाक पीडिताच्या मनातून येते, आणि ती दडपणारा देव पीडिताच्या कामाचा नाही. तिसरे, अपराधाने पोखरलेल्या माणसाला तिच्याइतका दिलासा दुसरी कोणतीही मांडणी देत नाही. दारूपायी संसार उधळलेला, घरच्यांचे शाप घेतलेला माणूस पेंटेकॉस्टल सभेत उभा राहून "माझी शिक्षा त्याने भोगली" अशी साक्ष देतो आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखर वेगळा वागू लागतो, असे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याला उपपत्तीतल्या त्रुटी समजावत बसणारा माणूस मला मूर्ख वाटेल.

तरीही ती मांडणी एकटी उभी केली की डगमगते. आपल्या ऐवजी दुसऱ्याने मरणे ही गोष्ट शुभवर्तमानांत अगदी शब्दशः घडते: बरब्बा हा कैदी सुटतो आणि त्याच्या जागी येशू जातो. पण शुभवर्तमानकार त्या अदलाबदलीला न्याय म्हणत नाहीत. पिलात हात धुतो, कारण आपण निरपराध्याला मारतो आहोत हे त्याला कळते. जागा घेणे खरे. पण ती ज्याच्या हातून घेतली गेली तो न्यायी ठरत नाही. बार्सिलोनात १२१८ मध्ये पेत्र नोलास्कोने स्थापन केलेल्या संघाचे सदस्य मुसलमान राजवटींत कैद झालेल्या ख्रिस्ती लोकांना पैसे देऊन सोडवत, आणि पैसे कमी पडले तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचा चौथा व्रतबंध घेत. तिथे किंमत खरोखर हातात पडत होती. पण ती स्वीकारणाऱ्याचा कैद्यावर रास्त हक्क होता, असे त्या संन्याशांनी कधी मानले नाही. निरपराध्याला शिक्षा करून अपराध्याला सोडणे याला आपण कोणत्याही न्यायालयात न्याय म्हणणार नाही. मग देवाच्या न्यायालयात तोच न्याय कसा?

यावर विचारी इव्हँजेलिकल मंडळींचे उत्तर ठरलेले आहे आणि ते चांगले उत्तर आहे. त्यांच्यातले इंग्लिश धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी १९८६ मध्ये बजावून लिहिले की पिता रागावलेला आणि पुत्र बिचारा, असे चित्र रंगवूच नका. वधस्तंभावर देव स्वतःच स्वतःची जागा देतो. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण मान्य केल्यावर कोर्टाचे चित्र उरतेच कुठे? न्यायाधीश, फिर्यादी आणि शिक्षा भोगणारा एकच असेल, तर चुकते होण्यासारखे देणे एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. देव एखादी गोष्ट स्वतःवर ओढवून घेतो, एवढेच उरते. पौलाचे म्हणणेही हेच आहे की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहान तर कारण आणि परिणाम यांचा क्रमच स्पष्ट सांगतो: देवाने जगावर प्रीती केली म्हणून पुत्र दिला. पुत्र दिला गेल्यावर प्रीती करू लागला, असे नाही. यशयातल्या त्याच अध्यायात "आम्ही त्याला देवाने ताडलेला असे लेखले" हे वाक्य बोलणाऱ्यांची आधीची चुकीची समजूत म्हणून येते. दहावे वचन, परमेश्वराला त्याला ठेचणे बरे वाटले हे, अवघडच राहते, आणि ते कोणी गुळगुळीत करू नये. पण प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र ज्या रीतीने बोलतो ती येथे उपयोगी पडते: देवाच्या संकल्पाने तो दिला गेला, अधर्म्यांच्या हातांनी तुम्ही त्याला मारले, आणि देवाने त्याला उठवले. मारणारे आणि उठवणारा एक नाहीत.

किंमत पडणे आणि किंमत चुकवणे यांतला फरक कोणाला शब्दच्छल वाटत असेल, तर त्याने आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, उंबरगाव भागात वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि त्या कर्जापोटी आयुष्यभर, बायकोसकट, त्याच्या शेतावर राबे. त्यांना लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आणि त्यानंतर किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उठले. आता समजा, मुंबईतल्या एखाद्या दयाळू शेठजीने सगळ्या लग्नगड्यांची कर्जे फेडून टाकली असती. माणसे सुटली असती, याबद्दल वाद नाही. पण त्याच क्षणी सावकाराचा हक्क रास्त ठरला असता आणि पुढच्या वर्षीच्या लग्नसराईत नवे लग्नगडी तयार झाले असते. वारल्यांनी कर्ज फेडले नाही, ते नाकारले. म्हणून त्यांना किंमत पडली नाही काय? ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात वारली मारले गेले. ती किंमत होती, खरी आणि रक्ताची. पण त्या मरणाने सावकाराचे देणे फिटले असे कोणी म्हणेल का? पुढे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने हेच तत्त्व लेखी केले. त्या कायद्याने वेठीचे कर्ज फिटले असे म्हटले नाही, ते नष्ट झाले असे म्हटले, आणि नष्ट झालेल्या कर्जापोटी काही स्वीकारणे हा धनकोचा गुन्हा ठरवला. भारताच्या संसदेने वेठीच्या सावकाराला जो हक्क नाकारला, तो पापाला, मरणाला किंवा सैतानाला देवाच्या दरबारात मिळाला असे आपण का मानावे?

जुन्या करारातले उद्धाराचे मूळ चित्र हेच सांगते. इस्राएल मिसरातून सुटले तेव्हा फारोला एक कवडीही दिली गेली नाही. वल्हांडणाचा कोकरा मारला गेला, पण त्याचे रक्त इस्राएली घरांच्या दारांना लागले, फारोच्या तिजोरीत जमा झाले नाही. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात भावाला दारिद्र्यामुळे जमीन विकावी लागली तर जवळच्या नातलगाने ती सोडवावी, भाऊ स्वतःच विकला गेला तर त्यालाही सोडवावे, अशी आज्ञा आहे. रूथच्या गोष्टीत बवाज तेच करतो. येथे पैसे दिले जातात, हे खरे; पण आज्ञेचा सगळा जोर सौद्यावर नसून नात्यावर आहे, आणि पन्नासाव्या वर्षी तर पैसे न देताच जमीन मूळ घराण्याकडे परत जाते. सिडकोने जमिनी घेतलेल्या नवी मुंबईच्या पंचाण्णव गावांतल्या कोणाही आगरी-कोळी कुटुंबाला जमीन घराण्यात परत येणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि यशया, ज्या त्रेपन्नाव्या अध्यायावर शिक्षेची सगळी मांडणी उभी आहे, त्याच्या एकच अध्याय आधी सांगतो की तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशावाचून सोडवले जाल. प्रत्येक प्रवचनात त्रेपन्नावा अध्याय वाचणाऱ्यांनी बावन्नावा का वगळावा?

चुकते करण्याच्या कल्पनेतून आणखी एक विकृती निघते, ती यातनेचे माप घेण्याची. पवित्र आठवड्यात फटके किती, खिळे केवढे, रक्त किती, यांवर तासन्‌तास बोलणारे वक्ते आपण ऐकले आहेत, जणू देणे मोठे म्हणून वेदनाही तितकीच मोठी भरली पाहिजे. मार्काचे शुभवर्तमान त्या क्षणाविषयी एवढेच सांगते की त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले. खुद्द ठाण्यात १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती हाल करून मारले गेले, आणि त्यांची हाडे ओदोरिक नावाच्या प्रवासी संन्याशाने पुढे चीनपर्यंत नेली. चर्चने त्यांना हुतात्मे म्हटले. त्यांच्या यातनांनी कोणाचे तारण झाले असे कधी म्हटले नाही. यातना हेच चलन असते तर ख्रिस्ताच्या आणि त्यांच्या मरणात फक्त रकमेचा फरक उरला असता.

मग सुटका कोणाच्या ताब्यातून? या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर आपल्या शेजारीच राहते, पण मराठी ख्रिस्ती माणूस त्याच्याशी क्वचितच बोलतो. नवी मुंबईत मल्याळी ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा मंडळी राहतात, आणि त्यांच्या पूर्वेकडच्या परंपरेत उद्धार म्हणजे मरणाच्या ताब्यातून सुटका आणि माणसाला देवाच्या जीवनात मिळालेला वाटा. सुरियानी कवी एफ्रेमला वधस्तंभ ही मरणाची फजिती वाटे: मरणाने त्याला गिळले आणि त्याच्यासोबत आपले सगळे कैदी ओकून टाकले. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ औलेनने १९३० च्या सुमारास विजयाच्या याच मांडणीला पश्चिमेत पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. मी जे म्हणतो आहे ते तिच्या सर्वांत जवळचे आहे. पण तिचा दोषही मला दिसतो. सगळा दोष मरणावर आणि अंधाराच्या सत्तांवर टाकला की मी केवळ कैदी उरतो. मी जे केले त्याचे काय? लग्नगडी निरपराध होता. मी तसा नाही. कैदी आणि तुरुंगाच्या चौकीदाराचा साथीदार असे दोन्ही मी असतो, आणि दोन्हींना पुरणारी मांडणी हवी. शिक्षेच्या मांडणीतला जो अंश मला सोडवत नाही तो हाच.

कॉलेजातल्या त्या तिसऱ्या माणसाचे म्हणणे येथे येते. मुक्तीच्या धर्मशास्त्राचे पेरूतले प्रवर्तक गुस्तावो गुटिएरेझ यांनी १९७१ मध्ये आणि दलित धर्मशास्त्राचे प्रवर्तक अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या व्याख्यानात जे मांडले, त्याचा रोख हा होता की ज्यांच्या पाठीवर खरेखुरे वळ आहेत त्यांना आत्म्यापुरती सुटका सांगणे ही फसवणूक आहे. यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप व्हॅटिकनच्या १९८४ च्या सूचनापत्रात आहे: पापाची मूळ गुलामी विसरून फक्त राजकीय गुलामीवर बोट ठेवले तर सुवार्ता एका विचारप्रणालीत विरघळते. आक्षेप खरा आहे. येशूने रोमन सत्ता उलथवली नाही. पण उलट चुकीची किंमत इतिहासात कितीतरी जास्त लोकांनी मोजली आहे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६७ मध्ये कायदाच केला की बाप्तिस्मा झाला तरी गुलाम गुलामच राहील. मालकांना हवे होते ते हेच: तारण आत्म्याचे, मालकी शरीराची. उद्धार म्हणजे स्वर्गातल्या वहीतली नोंद असे एकदा मानले की या कायद्यात धर्मशास्त्रीय चूक कुठे आहे, ते दाखवता येत नाही. पंडिता रमाबाईंना ही फारकत मान्य नव्हती. वैयक्तिक तारणावर त्यांचा विश्वास कोणत्याही पेंटेकॉस्टलइतकाच कडवा होता. केडगावात १९०५ साली झालेले पुनरुज्जीवन आजही जगभर सांगितले जाते. पण त्या जागेला त्यांनी मुक्ती हे नाव दिले ते दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना अन्न, अक्षर आणि हाताला काम देताना. त्यांना कोणी विचारले असते की यांतले तारण कोणते आणि समाजकार्य कोणते, तर मला वाटते त्यांनी विचारणाऱ्यालाच कामाला लावले असते.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला विश्वास आणि कृतीचा जुना तंटा यानंतर फार लांबवण्याची गरज नाही. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये जे शाप उच्चारले आणि लुथरपंथीयांनी त्यांना जी उत्तरे दिली, त्यांतली बरीचशी धार ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला झालेल्या संयुक्त घोषणेने काढून घेतली: माणूस कृपेने स्वीकारला जातो, आणि ती कृपा त्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करते. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड चर्चेसही त्यात सामील झाली. आपल्या पाळकांनी आणि फादरांनी ही घोषणा मंडळीला वाचून दाखवली असती तर निम्मे कौटुंबिक वाद मिटले असते. वेठबिगारीचा कायदाही सुटकेपाशी थांबत नाही, तो पुनर्वसनाची सोय करतो, कारण सोडवलेला माणूस रिकाम्या हाताने राहिला तर दुसऱ्या सावकाराच्या दारात जातो. सुटका पूर्णपणे फुकट असणे आणि सुटलेल्याने पुढे चालायला लागणे यांत विरोध कसला?

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. जक्कय या जकातदाराच्या घरी येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळाले आहे. आणि हे तो म्हणतो ते जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर केल्यावर. माझ्या मांडणीला हा प्रसंग सोयीचा आहे: तारण त्या घरी येते आणि जक्कयाच्या सावजांच्या हातीही काही पडते. पण त्याच लूकाने वधस्तंभावरचा चोरही सांगितला आहे. त्याने कोणाला काही परत केले नाही, करणे शक्यही नव्हते, आणि तरी त्याला "आजच" असे ऐकायला मिळाले. ज्याच्या हातून जीव गेला, आणि ज्याचा गेला तो आता परत येणार नाही, असा माणूस चौपट काय परत करणार? येथे शिक्षेच्या मांडणीचे समर्थक म्हणतील की म्हणूनच कोणीतरी त्याचे देणे दिले पाहिजे. मी म्हणेन की लूकाने दोन्ही प्रसंगांत देण्याघेण्याचा हिशेब मांडलेलाच नाही. जक्कयाकडे त्याच्या तोंडून शब्द निघण्याआधीच येशू पाहुणा म्हणून निघाला होता, आणि चोराच्या शेजारी तो चोराने हाक मारण्याआधीच टांगलेला होता. परत करता येण्यासारखे जे होते ते जक्कयाने केले, कारण त्याच्यापुढे आयुष्य होते. चोरापुढे काही तास होते, आणि त्या तासांत त्याने जे करता येण्यासारखे होते ते केले: शेजारी मरणारा निरपराध आहे आणि आपण नाही, हे त्याने मोठ्याने सांगितले.